जावयाच्या गाडीची तिकोनी काच

मोटारीच्या मागच्या दाराच्याही मागे एक लहान तिकोनी काच असते. ती वरखाली होत नाही, तिला बटण नसतं, तिच्यातून कोणी बाहेर बघत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने नवी गाडी घेतली, तोवर अशी काच असते हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांच्या मात्र आलं होतं. त्यांनी तिच्यावर सोनेरी अक्षरांत ‘अध्यक्ष’ असं चिकटवून घेतलं होतं. समोरच्या काचेवर देव आणि नेते दाटीवाटीने बसलेले, मागच्या काचेवर मुलांची नावं. मोकळी राहिली होती ती ही तिकोनी.

कशाचे अध्यक्ष, ते एवढ्याशा काचेवर मावत नव्हतं. तालुक्यात एक मंडळ आहे. ते वर्षातून एकदा कोणाचा तरी सत्कार करतं. त्या वर्षी आमचे जावई मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि अध्यक्ष झाल्याबद्दल मंडळाने त्यांचाच सत्कार केला. कॉलेजात शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे असले सोहळे मी पोटभर पाहिले आहेत. पण माणूस स्वतःलाच शाल पांघरतो आणि वर गहिवरतो, हे नवीन होतं.

सत्कार वर्ध्याला झाला. बाहेर आल्यावर एका कार्यकर्त्याला गाडीवरून नारळ ओवाळून फोडायची हौस आली. पुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी, म्हणून तो मागच्या चाकाशी गेला. नारळ डोक्याच्याही वर नेला, डोळे मिटले आणि जोरात हाणला. डोळे मिटले नसते तर तो जमिनीवर बसला असता. तो तिकोनी काचेवर बसला. ही काच तडकत नाही, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी एकदम सांडते. अर्धी रस्त्यावर सांडली, अर्धी मागच्या सीटवर. नारळ शाबूत राहिला.

“चांगलं झालं साहेब,” कार्यकर्ता म्हणाला. “नजर काचेवर निभावली.”

“होणारं मोठं संकट टळलं म्हणायचं,” जावई म्हणाले. तेवढ्यातही त्यांनी आवाज स्टेजवरचाच लावला होता.

मी ते विसरूनही गेलो असतो. पण पुढच्याच आठवड्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

आई आणि मी वर्ध्याजवळ आंजीला राहतो. आईचा डावा डोळा बऱ्याच वर्षांपूर्वी काचबिंदूने गेला. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. ती तक्रार करणारी बाई नाही. पण घरातली तूरडाळ निवडायचं काम आयुष्यभर तिचं. हल्ली दुपारी ती सूप मांडीवर घेऊन बसे, बोटांनी चाचपत राही, आणि जेवताना माझ्या दाताखाली खडा आला की माझ्याकडे न बघता म्हणे, “आला ना? मले दिसतच नाई आता, बाबू.” तिला दुसरा डोळा नव्हता. जे काही व्हायचं ते याच डोळ्याचं व्हायचं होतं.

जावयांनी परस्पर जाहीर करून टाकलं की सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं आणि आणायचं त्यांच्या गाडीतून. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या घरात जावयाला नाही म्हणत नाहीत. आई त्यांच्यासमोर पदर घेते, त्यांच्याशी थेट बोलत नाही. दाराच्या चौकटीआडून माझ्याशी बोलते आणि ते त्यांना ऐकू जातं. पंचवीस वर्षं हे असंच चालू आहे. “जवाई एवढे म्हनते तर जाऊ,” ती चौकटीला म्हणाली.

नवी काच नागपूरहून यायची होती. तोवर त्या भोकाचं काय करायचं, हे जावयांनीच ठरवलं. सत्काराचा फ्लेक्स गाडीतच गुंडाळून ठेवलेला होता. त्यातून स्वतःचा चेहरा कापला आणि चिकटपट्टीने भोकावर लावला. मजकुराचा भागही लावता आला असता. तो मोठा होता, भोकही नीट झाकलं असतं. पण चेहरा लावला.

ऑपरेशनआधीच्या तपासणीला आम्ही त्या गाडीतून गेलो. आर्वी रोड तेव्हा एका बाजूने खोदलेला होता आणि मुरुमाचे ढीग जागोजागी पडलेले. वारा भरला की बाहेरून जावयांचे गाल फुगत, ट्रक मागे पडला की बसत. एक मोटारसायकलवाला बराच वेळ आमच्या मागेच चालला. जागा होती तरी पुढे जाईना. पट्टी एका बाजूने सुटली तशी धूळ आत यायला लागली. आई नेमकी त्याच बाजूला बसली होती. तिने पदर तोंडावर ओढला आणि वर्धा येईपर्यंत तसाच धरून ठेवला. दवाखान्यात उतरली तेव्हा तिच्या पापण्या विटकरी झाल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी त्या पुसल्या आणि माझ्याकडे पाहिलं. “कशात आणलं यांना?”

“गाडीत.”

“ऑपरेशननंतर असं चालणार नाही. आजींना एकच डोळा आहे. धूळ नको, वारा नको. बंद गाडीत न्या.”

“माझी गाडी आहे ना, डॉक्टर,” जावई मागून म्हणाले. “एसी आहे.”

मला शिसारी आली. ते खोटं बोलत नव्हते. गाडीला एसी होता. ती बंद नव्हती, एवढंच.

काच आली ती ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. बसवायला मीच सोबत गेलो. वर्ध्यातल्या त्या दुकानदाराने पाटीवर स्वतःला काचांचा सम्राट म्हणवून घेतलं होतं. गळ्यात साखळी, बोटात अंगठ्या, आणि बोलताना दर दोन वाक्यांनी ‘आपल्यासारखं काम’ येणार. जावई आणि तो समोरासमोर उभे राहिले तेव्हा त्या दुकानात तिसऱ्या माणसाला श्वास घेणं कठीण झालं.

“हे काम वर्ध्यात दुसरा कोनी करून दाखवो,” सम्राट म्हणाला.

“आम्हीही कुठे कोणाकडे जातो,” अध्यक्ष म्हणाले.

काम मात्र बघण्यासारखं होतं, निदान सम्राट गप्प असेतोवर. त्याने आतल्या बाजूचं प्लास्टिकचं आवरण क्लिपा सोडवून काढलं. व्हॅक्यूमने सीटमधले काचेचे दाणे ओढले. ते कर्रकर्र वाजत नळीतून जात होते. कडेला जुना काळा गम वाळून बसला होता. तो ब्लेडने तासत आणला आणि पातळसा थर मुद्दाम ठेवला. त्यावर नवा गम धरून राहावा म्हणून काळं पाणी फिरवलं, नव्या काचेच्या कडेलाही फिरवलं. मग बंदुकीसारख्या नळीतून जाड काळी वळी तिन्ही बाजूंनी सोडली, काच उचलली, बसवली, तळव्याने दाबली आणि बाहेरून पट्ट्या मारल्या.

“जुन्या गाडीत ही काच रबरात अडकवत, सर,” तो मला म्हणाला. “आता सारी गमावर राह्यते. उद्या याच टाइमपर्यंत गम ओला समजा. गाडी हळू नेजा. धुवायची नाई. आन मेन म्हंजे दारं आपटायची नाई. साऱ्या काचा बंद असल्या आन दार आपटलं तं आतली हवा जाईन कुठं? ती हीच काच ढकलते. म्हनून समोरची एक काच बोटभर उघडी ठेवजा.”

मी ते त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं, जावयांना ऐकू जाईल अशा आवाजात.

“समजलं ना, जावईबुवा?”

“समजलं. ‘अध्यक्ष’ यावर कधी लावायचं?”

त्याच दिवशी संध्याकाळी आंजीला त्यांचा आणखी एक सत्कार होता. गावचा जावई अध्यक्ष झाला म्हणून गाव करणार होतं. गाडी आंजीलाच न्यायची होती, रात्री आमच्याकडे ठेवायची होती आणि सकाळी आईला घेऊन निघायचं होतं. त्यामुळे तीत बसून जायला माझी हरकत नव्हती. हरकत निघाली ती दुसऱ्याच गोष्टीला.

“दादा, तुम्ही चालवा,” जावई म्हणाले.

“का? हात दुखतो?”

“नाही. मला मागून उतरावं लागेल.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पाहुणा स्टिअरिंगमागून उतरला तर तो ड्रायव्हर वाटतो. निवृत्तीनंतर माणसाला काय काय व्हावं लागतं याची यादी मी कधी केलेली नाही. मी मुकाट्याने पुढे बसलो, माझ्या बाजूची काच बोटभर खाली केली आणि बैलगाडीच्या चालीने आंजी गाठली. मागून दर थोड्या वेळाने आवाज येई, “दादा, धूळ येते आहे.” मी म्हणे, “येऊ द्या.” तेवढाच काय तो त्या दिवसातला माझा आनंद.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. मी दार हळूच लावलं, जावयांचंही मीच हळूच लावलं. बघणाऱ्यांना मी फार आदब राखतो आहे असं वाटलं असावं. मग फेटा, शाल, नारळ आणि भाषणं. प्रत्येक वक्त्याने त्यांना शिल्पकार म्हटलं. कशाचे, हे एकानेही सांगितलं नाही. काचेवर जसं ‘अध्यक्ष’ तसं भाषणात ‘शिल्पकार’. मी शेवटच्या रांगेत बसून घराकडे बघत होतो. आमचं घर पटांगणापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. तिथे आई उद्याची पिशवी भरून बसली असणार.

भाषणं संपल्यावर सरपंचांनी गाडीचं कौतुक केलं. जावयांनी खिशातून किल्ली काढली आणि दुरूनच तिच्यावरचं बटण दाबून धरलं. गाडीने आरसे मिटले, दिवे मिचकावले आणि माझ्या बाजूची बोटभर उघडी काच आपोआप वर गेली.

“अरे वा,” सरपंच म्हणाले. “सोतःच बंद करून घेते.”

“लक्षात नसलं तरी ती लक्षात ठेवते,” जावई म्हणाले आणि किल्ली खिशात टाकली.

मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होतो. जावयांनी बटणाने दारं पुन्हा उघडून दिली, काच मात्र वरच राहिली. गाडीपर्यंत पोचून आत बसलो तोवर निरोप सुरू झाला होता. आता हा निरोप म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे पाहुणा गाडीत बसला की गाडीचं दार त्याला लावू देत नाहीत. यजमान लावतो. आणि हळू लावलं तर ते मनापासून लावलं असं धरत नाहीत. जितका मान तितका आवाज. त्यातून हा पाहुणा कुठे जात होता? दोन गल्ल्या पलीकडे, सासूच्या घरी मुक्कामाला. पण निरोप पूर्ण झाला पाहिजे.

मी काच खाली करायचं बटण दाबलं. काच हलली नाही. गाडी चालू करायचं बटण दाबलं, तर समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली की किल्ली सापडत नाही. किल्ली जावयांच्या खिशात, आणि जावई बाहेर हारात. माझ्या दाराला गर्दी टेकलेली, तेही उघडेना.

“दारं हळू लावा,” मी बंद काचेच्या आतून ओरडलो.

“हाव हाव, सर,” कोणीतरी म्हणालं. त्याने मागची डिकी उघडली, नारळांचं पोतं आत टाकलं आणि डिकी अशी लावली की माझे कान बसले. हा शेजारच्या गल्लीतला गृहस्थ. शाळेच्या पोरांची व्हॅन चालवतो. पलीकडच्या दारातून दुसऱ्याने शाली सीटवर ठेवल्या. तेही दार दणक्यात लागलं. मग जावई बसले. सरपंचांनी स्वतः दार लावलं. ते शालीचं टोक अडकल्याने नीट लागलं नाही. सरपंचांनी ते पुन्हा उघडलं, शाल आत सारली, बाह्या मागे घेतल्या आणि गावाचा सगळा मान त्या दारात घातला.

काच फुटल्याचा आवाज झाला नाही. चिखलातून पाय काढावा तसा एक ओला आवाज आला. मी आरशात पाहिलं. तिकोनी काच वरच्या पट्टीला लोंबकळत होती आणि तिच्यापासून चौकटीपर्यंत गमाचे काळे दोर ताणले गेले होते.

“अरे, हे काऊन निघालं?” सरपंच म्हणाले. त्यांनी तळव्याने काच परत जागेवर दाबली. ती तिरपी बसली आणि वर बोटभर फट राहिली. पांढऱ्या गाडीवर पाचही बोटं काळी उमटली. मी गाडी चालू केली तशी जावयांनी आपली काच खाली केली, आणि सरपंचांनी तोच हात आत घालून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. जावयांनी तो दोन्ही हातांनी धरला, फोटोसाठी. मग ते दोन्ही हात शालीला पुसले.

घरी आलो. आई चौकटीआड उभी होती.

“लागली का काच?” तिने हळू आवाजात विचारलं.

“लागली होती,” मी म्हणालो.

जावई फेट्यासकट खुर्चीत बसले होते आणि हाताचा काळा गम नखाने खरवडत होते. “त्यात काही विशेष नाही, दादा. आजचा फ्लेक्स आणला आहे. या वेळी दुहेरी लावू. सासूबाईंना दुसऱ्या बाजूला बसवू. एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

मला राग आला नाही. रागाला समोर काहीतरी आहे असं वाटावं लागतं. एखाद्या गोड पदार्थात केस निघावा तसं झालं. जिच्या डोळ्यासाठी हा सगळा खटाटोप, ती चार हातांवर उभी होती, आणि या माणसाने तिच्यासाठी स्वतःचा आणखी मोठा चेहरा आणला होता. काहीतरी तोडून बोलायला मी तोंड उघडलं.

त्याआधी आई चौकटीतून पुढे आली. पदर डोक्यावर नीट घेतला आणि जावयांकडे तोंड करून उभी राहिली. नीट दिसत नव्हतं म्हणून थोडी चुकीच्या दिशेला, फेट्याच्या तुऱ्याकडे.

“जवाईबुवा,” ती म्हणाली, “तुमचा मान आमच्या डोक्यावर. पन डोया एकच हाय. तुमच्या गाडीत मी नाई येत.”

जावई गम खरवडायचे थांबले. पंचवीस वर्षांत सासू त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली होती आणि पहिलं वाक्य हे निघालं होतं.

“सासूबाई, जावयाची गाडी दारात असताना तुम्ही दुसऱ्या गाडीतून गेल्या तर लोक काय म्हणतील?”

“लोकाईले काय, माह्या डोयानं पाहाचं हाय का?”

एवढं बोलून ती आत गेली आणि ताटं वाढायला लागली. जावयांना सगळ्यात आधी, पुरणाची पोळी, वर तूप. मान कमी झाला नव्हता. त्याची जागा तेवढी तिने दाखवून दिली होती.

मी चप्पल घातली आणि शेजारच्या गल्लीत गेलो. डिकी आपटणारे गृहस्थ जेवत होते. सकाळी व्हॅन हवी म्हटलं तर लगेच हो म्हणाले. “काचा साऱ्या जाग्यावर हाय ना?” मी विचारलं.

“काचा फिट हाय, सर. दार तेवढं आपटल्याबिगर लागत नाई. म्हनून तं हाताले सवयच झाली. मघा तुमच्या गाडीचं काही बिघडलं म्हनते?”

“किल्ली हरवली होती,” मी म्हणालो. त्या दिवशी आणखी समजावून सांगायची माझी ताकद उरली नव्हती.

सकाळी आई त्या व्हॅनमध्ये बसली. आत पोरांच्या डब्यांचा आणि खोडरबरांचा वास होता. दार तीनदा आपटावं लागलं. आर्वी रोडवरची सगळी धूळ काचांबाहेर राहिली. जावई आपली गाडी घेऊन आमच्या पुढे निघाले. का, ते मी विचारलं नाही. बहुधा आमच्यामागे निघणं त्यांना शोभलं नसतं. वाटभर समोर त्यांचा दुहेरी चेहरा फुगत आणि बसत होता. आईला तो दिसत नव्हता. मी तिला सांगितलंही नाही.

ऑपरेशन नीट झालं. परतताना तिच्या डोळ्यावर पट्टी होती आणि वर काळा चष्मा. व्हॅनवाल्याने दार आपटण्याआधी तिला सांगितलं, “आये, कान झाका.” तिने कान झाकले.

पुढच्या तपासणीपर्यंत जावयांच्या गाडीला तिसरी काच लागली होती. ही बसवल्यावर गाडी त्यांनी दोन दिवस सम्राटाकडेच ठेवली. त्या दोन दिवसांत सत्कार नव्हता. ‘अध्यक्ष’ही परत लागलं. जावई न्यायला आले तेव्हा आईने मला विचारलं, “आता पक्की हाय?” मी कडेने बोट फिरवून पाहिलं आणि पक्की आहे म्हणालो. मग ती बसली, त्याच जागेवर, त्याच काचेशी.

मी पुढे बसलो होतो. गाव मागे पडल्यावर जावयांनी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाचं काढलं. या वर्षी कोणाचा सत्कार करावा, असा पेच होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मागून काही आवाज येईना म्हणून वळून पाहिलं. आईने चष्मा कपाळावर चढवला होता आणि ती सीटच्या शिवणीवर वाकली होती.

“आई, चष्मा लाव.”

“थांब.” तिने नखाने शिवणीतून काहीतरी उचललं आणि तळहातावर घेऊन मला दाखवलं. काचेचा दाणा होता, तुरीएवढासुद्धा नाही. “हे पाय, बाबू. खडा.”

“सासूबाई, गाडी साफ करून घेतली आहे,” जावई आरशातून म्हणाले. “मशीनने.”

“हे अजून एक,” आई म्हणाली. तिने मांडीवर रुमाल पसरला.

मग ती वर्धा येईपर्यंत सीट निवडत होती, सूप मांडीवर असल्यासारखी. बोटांनी चाचपत नव्हती. आधी बघत होती, मग उचलत होती. पुढे जावयांचं चालूच होतं. दवाखान्यासमोर गाडी थांबली तेव्हा रुमालाच्या कोपऱ्यात चिमूटभर काच जमली होती. तिने त्याला गाठ मारली, मला दिली आणि उतरली.

दार लावायला जावई लगबगीने पलीकडून आले. तोवर तिने ते स्वतःच लावलं होतं, दोन्ही हातांनी, हळूच.